मजला हलतोय की मजल्यावर वजन जास्त झालंय?

प्रश्न : आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. कोणी भराभर चाललं तरी जमीन हलल्यासारखी वाटते. त्यात गेल्या महिन्यात दोन डिपार्टमेंटचं जुनं रेकॉर्ड एकत्र केलं आणि हॉलच्या मधोमध उंच लोखंडी रॅक लावून सगळ्या फायली तिथेच रचल्या. आता खालच्या मजल्यावरचे लोक म्हणतात आमच्या छताला भेगा पडल्यात, मॅनेजर म्हणतात प्लास्टरच्या आहेत. घाबरायचं का?

उत्तर : हलण्याला घाबरू नका, रॅकला घाबरा. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो आणि लांब गाळ्याचा (दोन आधारांमधलं अंतर जास्त असलेला) हलका स्लॅब त्या तालाला थोडा साथ देतो, त्याने त्रास होतो पण तेवढ्याने मजला पडत नाही. २०११ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलमधली ३९ मजली टेक्नोमार्ट बिल्डिंग दहाएक मिनिटं हलली, लोक पळत बाहेर आले, आणि तपासात कारण निघालं बाराव्या मजल्यावरच्या जिममधला सतराएक जणांचा व्यायाम. बिल्डिंग शाबूत होती. हां, आधी हलत नव्हतं आणि हल्लीच सुरू झालं असेल तर मात्र इंजिनिअरला सांगाच.

आता वजन. ऑफिसचा मजला साधारण चौरस मीटरला २५० ते ३०० किलो धरून डिझाइन करतात, म्हणजे माणसं, टेबलं, खुर्च्या, थोडी कपाटं. कागद किती जड असतो ते आपल्याला जाणवतच नाही. ए-फोर कागदाचं ५०० पानांचं एक पाकीट अडीच किलोचं आणि पाचेक सेंटिमीटर जाड, ते दोन मीटर उंच रचलं की एका पानाएवढ्या जागेवर १०० किलो, आणि चौरस मीटरमध्ये असे सोळा ढीग, म्हणजे १६०० किलो! फायली एवढ्या घट्ट नसतात म्हणून अर्धं धरा, तरी रॅकखाली ८०० झालेच. रॅकच्या मधल्या मोकळ्या जागेमुळे सरासरी खाली येते हे खरं, पण तुम्ही ते नेमके स्लॅबच्या मध्यावर ठेवलेत, जिथे तो सगळ्यात जास्त वाकतो. रेकॉर्ड रूमसाठी मजला वेगळा, जास्त ताकदीचा धरतात तो याचसाठी.

भेगांचं म्हणाल तर केसाएवढी, न वाढणारी भेग बऱ्याच स्लॅबला असते. पण भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, पुढे सरकली तर प्लास्टरचा विषय संपला. कॉलमच्या डोक्याभोवती गोल किंवा तिरप्या भेगा, गंजाचे डाग, पोपडे पडून दिसणारी सळई, अचानक अडकायला लागलेलं दार, यातलं काही दिसलं तर खूण करत बसू नका, तो भाग वर-खाली दोन्हीकडे रिकामा करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला त्याच दिवशी बोलवा. बीम नसलेल्या स्लॅबमध्ये कॉलम स्लॅबला भोसकून वर येतो, आणि ते होताना फारसा वेळ मिळत नाही. १९९५ मध्ये सोलचं सांपूंग स्टोअर तसंच पडलं, ५०२ माणसं गेली. तिथे कॉलम ठरल्यापेक्षा बारीक होते, वर एक मजला वाढवला होता, छतावरची जड एसी युनिट्स ओढत दुसरीकडे नेली होती आणि त्या दिवशी सकाळपासून भेगा दिसत असून दुकान चालूच ठेवलं.

ढाक्याजवळच्या राणा प्लाझाचं तर आठवलं तरी मन विषण्ण होतं. २०१३ च्या २३ एप्रिलला तिथे भेगा दिसल्या, खालच्या बँकेने माणसं घरी पाठवली, वरच्या कपड्यांच्या कारखान्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी कामगारांना परत बोलावलं. त्या सकाळी बिल्डिंग कोसळली, १,१०० पेक्षा जास्त मेले. म्हणून मॅनेजरांना तोंडी नको, लेखी कळवा, फोटो जोडा. आणि रॅक आत्ताच अर्धे रिकामे करा, इंजिनिअर येईपर्यंत थांबायची गरज नाही.

प्रश्न : नवीन पाइपसाठी स्लॅबला चार इंचाचं भोक पाडायचंय, कॉलमला लागून. प्लंबर म्हणतो काही होत नाही.

उत्तर : कॉलमला लागून अजिबात नको, कॉलम स्लॅबला भोसकण्याचा वर सांगितलेला ताण तिथेच असतो आणि सळईही तिथेच दाट असते. दुसरीकडे पाडायचं तरी आधी स्लॅब स्कॅन करून घ्या. काही ऑफिस बिल्डिंगमध्ये स्लॅबच्या आत ताणलेल्या केबल असतात, त्यातली एक तुटली तर ती जोरात बाहेर उसळू शकते आणि मजल्याची ताकदही कमी होते. जागा प्लंबरने नाही, ड्रॉइंग बघून इंजिनिअरने ठरवायची.