खाण्यासाठी येतो की माणसासाठी?

प्रश्न : मी घरी आले की आमचा कुत्रा वेड्यासारखा उड्या मारतो. मिस्टर म्हणतात हे सगळं खाण्यासाठी, प्रेमबिम काही नसतं. मालक मेल्यावरही वर्षानुवर्षं स्टेशनवर त्यांची वाट बघत येणाऱ्या जपानमधल्या हाचिको कुत्र्याचं उदाहरण दिलं तर म्हणाले तोही स्टेशनवर खायला मिळायचं म्हणूनच जात असणार. खरं काय?

उत्तर : मिस्टरांचा मुद्दा अगदीच हवेतला नाही हं. हाचिको मेल्यावर त्याच्या पोटात खरंच याकितोरीच्या, म्हणजे चिकन भाजतात त्या काड्या सापडल्या होत्या. पण आधी तारखा बघा ना. टोकियोतले शेतकीचे प्रोफेसर हिदेसाबुरो उएनो यांनी १९२४ मध्ये हे अकिता जातीचं पिल्लू आणलं आणि २१ मे १९२५ ला ते कामावरच अचानक वारले, म्हणजे दोघांचा सहवास धड दीड वर्षाचाही नाही, आणि कुत्रा मात्र शिबुया स्टेशनवर येत राहिला तो मार्च १९३५ मध्ये मरेपर्यंत. त्याचं कौतुक सुरू झालं ते १९३२ मध्ये पेपरात बातमी आल्यावर, त्याच्या आधी लोक त्याला हाकलायचेच. मग ती आधीची सात वर्षं नुसत्या काड्यांच्या हिशोबात कशी बसवायची? तिथं पुतळा उभारला १९३४ मध्ये, तेव्हा हा स्वतः हजर होता, हे मला फार भारी वाटतं.

आणि मुळात खायला मिळतं म्हणून प्रेम खोटं, हेच मला पटत नाही. तान्हं बाळही आईला दुधासाठीच बिलगतं की, त्याला कोणी मतलबी म्हणतं का? २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी कुत्रे आणि मालकांना एकत्र सोडून त्यांचं नुसतं वागणं बघितलं, तर जे जास्त वेळ एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते त्या दोघांच्याही लघवीत ऑक्सिटोसिन वाढलेलं निघालं, आई आणि बाळाच्या नात्यात काम करतं तेच हार्मोन. माणसांनी हाताने वाढवलेल्या लांडग्यांमध्ये तसं काही दिसलं नाही. आता मिस्टरांना म्हणा, बोला!

प्रश्न : कुत्र्यामांजरांचे किस्से खूप झाले, एखादा न पाळलेला प्राणी सांगा.

उत्तर : हनीगाइड. आफ्रिकेतला छोटासा पक्षी, पूर्ण रानटी, कोणी पिंजऱ्यात ठेवत नाही की शिकवत नाही. मोझांबिकमधले याओ लोक एक ठराविक घरघरती हाक घालतात, पक्षी येतो आणि झाडाझाडावरून ओरडत पोळ्यापर्यंत नेतो. माणसं धूर करून पोळं फोडतात, मध त्यांना, मेण आणि अळ्या याला (हो, मेण पचतं त्याला!). २०१६ च्या अभ्यासात दुसरे आवाज काढल्यावर पोळं मिळायची शक्यता साधारण १७ टक्के होती, आणि याओंची हाक घातल्यावर ५४. गंमत म्हणजे हा पक्षी अंडी दुसऱ्यांच्या घरट्यात घालतो, त्यामुळे आईबापांनी शिकवलं म्हणावं तर त्यांची गाठच पडत नाही. यात प्रेम आहे का? मला नाही वाटत. पण नातं पक्कं आहे.

प्रश्न : एडिनबरोचा बॉबी खरा का? मालकाच्या थडग्याजवळ १४ वर्षं बसलेला?

उत्तर : कुत्रा होता, स्मशानात राहायचा, १८७२ मध्ये मेला. बाकी गोष्टीवर वाद आहे. यान बाँडेसन नावाच्या इतिहासकाराने तर २०११ मध्ये असं मांडलं की ते दोन वेगवेगळे कुत्रे होते, पहिला मेल्यावर तसाच दुसरा आणून ठेवला, कारण बघायला येणाऱ्या लोकांमुळे आसपासचा धंदा चालायचा. त्यामुळे मिस्टरांशी वाद घालताना हाचिकोच वापरा, बॉबी नको.