आईचं दुखणं सगळ्यांना का सांगितलं?

प्रिय चिऊ,

काल गाडीत तू विचारलंस, "आईला किमो चालू आहे हे इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना कशाला सांगितलंत? आजार तिचा आहे ना?" प्रश्न रास्त होता, म्हणूनच लागला.

सरळ उत्तर आधी देतो. आईला विचारूनच सांगितलं. ती म्हणाली, "सांग, पण किमो म्हणू नकोस, ट्रीटमेंट म्हण." दोन दिवसांत सगळे किमोच म्हणायला लागले. ते तुला खटकलं असेल. मलाही खटकलं.

आता थोडं लांबण लावतो, चालेल ना? मी वाढलो त्या मुंबईतल्या लालबागच्या चाळीत दुखणं लपवायची सोयच नव्हती. खोकला तिसऱ्या खोलीत ऐकू जायचा. संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला, अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, त्यात आपले अण्णाही होते, तुझे आजोबा. पुढच्या वर्षी त्यांचा अल्सर फुटला. केईएममध्ये ऑपरेशन ठरलं. तेव्हा रक्त हवं असेल तर बदल्यात रक्त द्यायला माणसं न्यावी लागत. बेबीआत्याने कुणाला बाजूला घेऊन वगैरे सांगितलं नाही. गॅलरीत उभी राहून ओरडली, "पोरांनो, अण्णांना रक्त लागतंय!" गणपती मंडळाची पोरं कॅरम अर्धा टाकून परळला निघाली. एकाचं वजन कमी भरलं म्हणून त्याला परत पाठवलं, तर तो संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलला नाही.

डबा पाळीपाळीने जायचा. पगार कुणाच्याच घरात नव्हता, त्यामुळे कधी गावाहून आलेल्या उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला पापड, एवढाच. गावमंडळाच्या पेटीतून थोडे पैसे आले. वाण्याने वहीत लिहून घेतलं आणि काही महिने वही उघडलीच नाही. मी शाळेतून आलो की कुणाच्याही घरी जेवायचो. कुणाच्या, ते विचारायचीसुद्धा गरज पडायची नाही.

हे लिहिताना मला छान वाटतंय, आणि तिथेच मला माझा संशय येतो. कारण माईला, तुझ्या आजीला, रडायला जागा नव्हती. ती भांडी घासायचं निमित्त काढून मोरीत बसायची. भेटायच्या वेळेला खाटेभोवती इतकी माणसं जमायची की अण्णा झोपल्याचं सोंग घ्यायचे. अमक्याला असंच झालं होतं आणि तो गेला, हेसुद्धा लोक त्यांच्या उशाशी बसून सांगत. आणि रांधणाऱ्या साऱ्या बायकाच. पुरुष "काही लागलं तर सांगा" म्हणून खाली उतरायचे. गॅलरीच्या टोकाच्या खोलीत एका बाईंना टीबी झाला, तेव्हा डबा त्यांच्याकडेही गेला, पण तो उंबऱ्याबाहेर ठेवला जायचा, आणि आम्हा मुलांना त्या बाजूला फिरकायची बंदी होती. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता.

तरी एक सांगतो. गावाहून टाटाला तपासायला येणारी माणसं आपल्या त्या एवढ्याशा खोलीत उतरायची. ज्यांचं मुंबईत कुणी नव्हतं, त्यांतले काही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जायचे. तिथेही जागा मिळाली नाही की हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर चादर, स्टोव्ह आणि एक्स-रेचं पाकीट घेऊन बसायचे. येताजाता मी त्यांना बघायचो. बहुतेक तेव्हापासूनच माझ्या डोक्यात पक्कं बसलंय की घरात आजार आला की आधी माणसं गोळा करायची. ही माझी भीती आहे, रीत आहे की दोन्ही, मला सांगता येणार नाही. तुला ती पटावी असा माझा आग्रह नाही.

इथे न्यू जर्सीत तू कुणाच्या गॅलरीत वाढली नाहीस. तुला दार लावून बसायला आवडतं, आईलाही आवडतं. फ्रिजमध्ये वरणाचे चार डबे पडलेत आणि तिला फोडणीच्या वासानेच मळमळतं. पण मंगळवारी मी तिच्यासोबत इन्फ्युजनला असताना तुला प्रॅक्टिसहून घरी कुणी आणलं, तेही आठव. त्या मावशींनी गाडीत तुला एक शब्द विचारला नाही, असं तूच सांगितलंस.

तर एक कर. मंडळातल्या कुणी कधी डबा द्यायचा, त्या तक्त्यात सगळ्यात वर एक सूचना घालू: फोडणीचं नको, दुपारी फोन नको, डबा दाराबाहेरच्या बाकावर ठेवा. इंग्रजीतलं तू लिही, तुझं नेमकं असतं. मराठीतलं मी लिहितो, नाहीतर त्यांना वाटेल आपण रागावलो. पाठवण्याआधी आईला दाखवू, आणि ती जे खोडेल ते खोडू.

तुझा,
बाबा