फुल-स्पेक्ट्रम कॅमेरा: विक्रेत्याला आधी काचेबद्दल विचारा

फुल-स्पेक्ट्रम म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाबरोबर इन्फ्रारेड आणि अल्ट्राव्हायोलेटही टिपण्यासाठी बदललेला कॅमेरा. सेन्सरवरची इन्फ्रारेड अडवणारी काच काढल्यावर तिथे नेमकी कोणती काच बसवता, हे आधी विचारा. ‘क्लिअर ग्लास’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. साधी बीके७ काच (लेन्ससाठी वापरतात ती) साधारण ३५० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश जाऊ देते, पण तिच्यावरचा अँटी-रिफ्लेक्शन (परावर्तन कमी करणारा) थर कित्येकदा ४०० च्या खालचा, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट प्रकाश अडवतो. इन्फ्रारेडला त्याने काही बिघडत नाही; अल्ट्राव्हायोलेटचं काम मात्र तिथेच संपतं. त्यासाठी क्वार्ट्झ घ्या, किंवा पारगमनाचा, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश काचेतून पार जातो याचा आलेख मागा. आलेख देत नसेल तर दुसरा विक्रेता बघा.

काचेची जाडीही विचारा, कारण फोकस कुठे पडतो हे तिच्यावरही ठरतं. काच न बसवता जागा रिकामी सोडली तर फोकस लेन्सकडे सरकतो आणि काही लेन्सना अनंतावर फोकस मिळतच नाही. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर ऑटोफोकस पुन्हा जुळवून देतात का? मिररलेसमध्ये (बिनआरशाच्या कॅमेऱ्यात) हा त्रास कमी.

पैसे देण्याआधी त्याच कॅमेऱ्याच्या दोन रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा असलेल्या) फाइल मागवा. एक एफ/१६ वर (लेन्सचं छिद्र लहान करून) पांढऱ्या भिंतीची, काचेखाली अडकलेली धूळ दिसण्यासाठी. दुसरी लेन्सऐवजी बॉडी कॅप (कॅमेऱ्याचं झाकण) लावून, आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) १६०० वर ३० सेकंदांची: काही मॉडेलांत शटरवर नजर ठेवणारा इन्फ्रारेड एलईडी असतो, त्याचा उजेड कोपऱ्यात पसरतो.