गावभाग सोडायचा का?

पत्र थोडक्यात असं: "ताई, आम्ही सांगलीत नदीजवळच्या जुन्या वस्तीत, गावभागात, तळमजल्यावर भाड्याने राहतो. 2019 ला घरात छातीभर पाणी होतं, 2021 ला गुडघाभर. हे कुपवाड एमआयडीसीत कामाला, मी गावातल्याच शाळेत शिक्षिका, मुलगी सातवीत. यांनी शामरावनगरच्या बाजूला दीड गुंठ्याचा प्लॉट बघितलाय. मालक नोटरी करून द्यायला तयार आहे आणि दरही कमी. मला वाटतं, गावातच वरच्या मजल्यावर फ्लॅट घ्यावा. सासूबाई 74 वर्षांच्या. गावभाग सोडायचं नाव काढलं की जेवत नाहीत. रोज भांडण होतं. काय करू?"

ताई, तुमच्या घरात वाद गाव की उपनगर असा चाललाय, पण तुम्ही दोघांनी निवडलेल्या दोन्ही जागा पाण्याच्याच आहेत. त्यामुळे कोण जिंकलं तरी पुढच्या मोठ्या पुरात सगळ्यांचेच हाल होणार.

आधी तुमच्या उंबऱ्याचा हिशोब करा. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तुमच्याकडे छातीभर म्हणजे चार-साडेचार फूट. म्हणजे आयर्विनला साधारण 53 फूट झाले की पाणी तुमच्या घरात शिरतं. 2021 ला ते 54 च्या पुढे गेलं, म्हणून गुडघाभर. 2005 चा पूरही 53 च्या वरचा होता. कोणतंही घर बघायला गेलात की शेजाऱ्यांना एवढंच विचारा, 2019 ला पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत होतं? एक पायरी सहा-सात इंचांची धरा आणि असाच हिशोब मांडा. दलालाच्या "इथं कधी पाणी येत नाही" पेक्षा पायरीचा भरवसा जास्त.

गावातला वरचा मजला सामान वाचवतो, माणसांची सोय करत नाही. पूर आला की वीज तोडतात, लिफ्ट बंद, खालच्या टाकीत पुराचं पाणी मिसळतं, ड्रेनेज उलटं येतं. पाणी उतरेपर्यंत चार-पाच दिवस 74 वर्षांच्या बाईंना तिसऱ्या मजल्यावर ठेवायचं, औषधं संपली तर बोटीची वाट बघायची. तरीही गावातच घ्यायचं ठरलं, तर मीटरचा बोर्ड पहिल्या मजल्यावर आहे का, पाणी उपसायची मोटर आणि जनरेटर कुठे बसवलाय, वरच्या टाकीत किती दिवसांचं पाणी राहतं, हे बघूनच बोलणी करा.

आता प्लॉट. मला खरी काळजी त्याचीच वाटते. शामरावनगरच्या सखल भागात नदीचा पूर नसतानाही पावसाचं पाणी साचतं. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नाही, भरावावरच उचलला, तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतींना तिरक्या चिरा पडतात. शिवाय रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि घर खाली राहतं. दीड गुंठा म्हणजे 1633 चौरस फूट. तो नुसता तीन फूट उंच करायचा तर 49 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) भराव दाबून बसलेला हवा, म्हणजे सुटा मुरूम साठेक ब्रास आणावा लागणार. त्यात खोल पाया आणि प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याची काँक्रीटची तुळई. हा खर्च प्लॉटच्या दरात मिळवा, मग "स्वस्त" उरतं का ते बघा.

आणि नोटरीवर प्लॉट अजिबात घेऊ नका. नोटरीने मालकी येत नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. सातबारावर विकणाऱ्याचं नाव आणि क्षेत्र आहे का, प्लॉटला महापालिकेचा गुंठेवारी (मंजुरीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट) नियमितीकरणाचा दाखला आहे का (2001 च्या कायद्याखालचा), हे आधी. ते नसेल तर बँक कर्जाला हात लावत नाही आणि उद्या विकतानाही तुम्हाला नोटरीवालंच गिऱ्हाईक शोधावं लागेल. गट नंबर घेऊन नगररचना विभागात जा, झोन दाखला मागा आणि पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. निळ्याच्या आत असेल तर विषय तिथेच सोडा.

माझं मत विचाराल तर विश्रामबागच्या उंच बाजूला, पहिल्या मजल्यावर, अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घर घ्या, तेही मे संपायच्या आत. एक पावसाळा तिथे काढा. तुमची शाळा आणि यजमानांची कंपनी, दोन्ही पाच-सहा किलोमीटरवर येतात. दोन गाड्यांचं मिळून महिन्याला बाराएक लिटर पेट्रोल, म्हणजे बाराशे-तेराशे रुपये. मुलीची शाळा यंदा बदलू नका, तुमच्याच गाडीवर येईल-जाईल. घर आवडलं, पाणी-ड्रेनेज नीट असलं, तर त्याच भागात विकत घ्यायला सुरुवात करा. खरेदी तुमच्या नावावर केलीत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आणि या घरात तुमच्या नावाने काहीतरी असणं मला फार गरजेचं वाटतं.

सासूबाईंचं जेवण टाकणं हट्ट समजू नका. गावभागात त्या कुणाला न विचारता गणपतीला जातात, भाजीवाली त्यांना नावाने ओळखते, दुपारी ओट्यावर बोलायला कुणीतरी असतं. नव्या जागी त्या रिक्षेसाठी मुलाच्या तोंडाकडे बघणार, याची ती भीती आहे. म्हणून "आई, आपण जायचंय" असं ठरवून सांगू नका. घर बघायला त्यांना पहिल्या दिवसापासून न्या आणि त्यांची खोली त्यांनाच निवडू द्या. संकष्टीला गणपती मंदिरात कोण नेणार, ते नावानिशी ठरवा. महिन्यातून दोन दिवस जुन्या शेजारणीकडे राहायला जायची मोकळीक द्या. आणि हे बोलणं यजमानांनी करावं, सुनेने नव्हे. 2019 ला त्यांना घरातून कसं बाहेर काढलं होतं, ते मुलाच्या तोंडून ऐकताना त्यांना वेगळं वाटेल.

प्लॉटवाल्याला विसार दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर लेखी पावती आहे का, त्यात गट नंबर आणि पैसे परत मिळायची अट लिहिली आहे का, ते आज रात्रीच बघा आणि मला कळवा.