एअर्स्ट की नूअर? तुमचे जर्मनचे प्रश्न

प्रश्न: ताई, मी जर्मनच्या बी१ पातळीच्या परीक्षेची तयारी करतेय. ‘नूअर’ आणि ‘एअर्स्ट’ दोन्हीचा अर्थ डिक्शनरीत ‘फक्त’ दिलाय, मग कुठे काय वापरायचं? दर वेळी अंदाजाने ठोकते आणि दर वेळी चुकते.

उत्तर: डिक्शनरी इंग्लिशमधून बघताय ना, तिथेच घोळ आहे. इंग्लिशमध्ये दोन्हीकडे ‘ओन्ली’च येतं, पण मराठीत आपण हा फरक रोज करतो, फक्त लक्षात येत नाही. नूअर म्हणजे आपला ‘च’. ‘इश हाबं नूअर त्सेन झाइटन गेलेझन’ म्हणजे मी दहाच पानं वाचली, विषय संपला, पुढे वाचेन असं काही त्यात नाही. तिथेच एअर्स्ट टाका, की झालं ‘आत्ता कुठे दहा पानं झालीयेत’, म्हणजे वाचन चालू आहे आणि अजून बरंच बाकी आहे. ‘एस इस्ट एअर्स्ट द्राय ऊअर’, आत्ता कुठे तीन वाजतायत. इथे नूअर चालतच नाही, कारण घड्याळ काही तीनवर थांबणार नाहीये.

वेळेच्या बाबतीत अजून एक गंमत आहे. ‘एअर कॉम्ट एअर्स्ट उम आख्ट’ म्हणजे तो आठशिवाय येणार नाही, त्याआधी वाट बघू नका. तेच ‘नूअर उम आख्ट’ म्हटलंत तर तो आठलाच येतो, बाकी कुठल्या वेळेला येत नाही. मला विचाराल तर ‘आत्ता कुठे’ किंवा ‘शिवाय नाही’ मनात बसतंय का ते बघा, बसलं तर डोळे मिटून एअर्स्ट.

प्रश्न: ‘केनन’ आणि ‘विसन’साठी पण मराठीच धरायची का? ओळखणं आणि माहीत असणं?

उत्तर: अर्धीच धरा, कारण इथे मराठी दगा देते. माणसाला आपण ओळखतो, तिथे केनन, ठीक. पण ‘मला ते गाव माहीत आहे’ म्हणतो ना, तिथेही जर्मनला केननच लागतं. त्यापेक्षा पुढे काय येतंय ते बघा. पुढे अख्खं वाक्य आलं, तो कुठे राहतो, ती का रागावली, असं काही, तर विसनच; केननला असं वाक्य जोडताच येत नाही. पुढे नुसता माणूस, गाव किंवा पुस्तक असेल तर केनन.

प्रश्न: उमलाउटचे, म्हणजे काही जर्मन अक्षरांवरचे, दोन ठिपके विसरले तर खरंच एवढं बिघडतं का?

उत्तर: माझीच फजिती सांगते. क्लासमध्ये नवीन होते, प्रचंड उकडत होतं, आणि मी मोठ्या ऐटीत म्हणाले की आज हवा ‘श्वूल’ आहे. म्हणायचं होतं ‘श्व्यूल’, म्हणजे दमट, कोंदट. ठिपके नसलेल्या श्वूलचा अर्थ समलैंगिक. सर गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, हवेची पर्सनल बाब आहे ती. उच्चाराची युक्ती सोपी आहे, तोंडातून ‘ई’ काढायची आणि ओठ मात्र ‘ऊ’सारखे गोल ठेवायचे, आरशासमोर करा, हसू येईल पण जमेल. त्सालन म्हणजे पैसे देणं आणि त्सेलन म्हणजे मोजणं, तिथेही फरक लिहिताना त्या ठिपक्यांचाच.

प्रश्न: झे म्हणजे तळं की समुद्र?

उत्तर: दोन्ही, लिंगावर आहे. डेर झे (पुल्लिंगी) तळं, डी झे (स्त्रीलिंगी) समुद्र. म्हणून बोडनझेला डेर लागतं, आणि नॉर्टझे, ऑस्टझे या दोघींना डी. आपल्याकडे समुद्र ‘तो’, तिकडे ‘ती’, त्यामुळे हे मात्र पाठच करावं लागेल.