मुलांनीच मुलांना सावरायचं, अशा गटांचा खरंच उपयोग होतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाचा नववीत आहे, नाशिकच्या सिडकोत राहतो, सहा महिने झाले शाळा बुडवून टपरीवर बसतो आणि दप्तरात सिगारेटचं पाकीट सापडलं. शाळेत आता "मुलांनीच मुलांना समजवायचं" असा गट निघतोय. त्यात त्याला घालायचं का, हा तुमच्या बहिणीपुढचा प्रश्न.

मी समुपदेशक नाही. सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करतो. पण आमच्या कॉलनीच्या अभ्यासिकेत आठ वर्षं दर शनिवारी असाच गट चालवतोय, म्हणून लिहायचं धाडस करतो. उपयोग होतो. मात्र गट चुकीचा जमवला तर तो नसलेला बरा, आणि हे मी स्वतःच्या हाताने करून बसलोय.

पहिल्या वर्षी मी कॉलनीत विचारत फिरलो, "कोणाचं पोरगं हाताबाहेर गेलंय?" आठ नावं मिळाली. आठही पोरं एका सतरंजीवर बसवली, चहा-बिस्किटं ठेवली आणि म्हटलं, बोला मोकळेपणी. बोलली की! एकाने ट्रिपल सीट जाऊन ट्रॅफिक हवालदाराला कसं चुकवलं ते सांगितलं, सगळे खो-खो हसले. पुढच्या शनिवारी दुसऱ्याने त्याहून मोठा पराक्रम आणला. हसू हेच बक्षीस होतं, आणि खरं सांगतो, एक-दोनदा मीही हसलो. त्यातला एक मुलगा फक्त शाळा बुडवायचा, बाकी काही नाही. दोन महिन्यांत त्याला झोपेच्या गोळ्या कुठे मिळतात ते कळलं होतं. मालेगावकडे जिला कुत्ता गोळी म्हणतात, तीच. गट बंद केला. त्याच्या आईला तोंड दाखवायला मला फार दिवस लागले.

नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं, ही चूक जुनी आहे. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ पासून ५०६ मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या मुलांना सल्लागार, शिकवण्या, उन्हाळी शिबिरं. उरलेल्या निम्म्यांना काही नाही. तीस वर्षांनी जोन मकॉर्ड या संशोधक बाईंनी ती मुलं शोधून काढली, तर मदत मिळालेल्यांचीच अवस्था जास्त वाईट निघाली. त्यातही जी पोरं शिबिरांना पुन्हापुन्हा गेली होती त्यांची सगळ्यात. बिघडलेल्यांना एकत्र कोंडलं की ती एकमेकांकडून शिकतात. आपल्या आज्या हेच नासक्या आंब्याच्या उदाहरणाने सांगायच्या. फक्त आपण सगळे नासके आंबे एकाच पेटीत भरतो आणि वर 'सुधार' अशी चिठ्ठी लावतो.

म्हणून शाळेला तुमचा पहिला प्रश्न हा असू दे: गटात कोण कोण आहे? सगळी 'तक्रारीवाली' पोरं असतील तर नको म्हणा. दहातली दोन-तीन अडचणीतली आणि बाकीची साधी, हसतीखेळती असतील तर जरूर पाठवा.

दुसरा प्रश्न, म्होरक्या कोणी निवडला? शाळा हमखास पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा नेमते. त्याचं टपरीवर कोण ऐकणार? वेल्स आणि पश्चिम इंग्लंडमधल्या ५९ शाळांत सिगारेटवर एक मोठा प्रयोग झाला, २००८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिथे १२-१३ वर्षांच्या मुलांनाच विचारलं, तुम्ही कोणाला मानता? ज्यांची नावं जास्त आली त्यांना शाळेबाहेर दोन दिवस शिकवलं आणि सांगितलं, भाषण नको, दहा आठवडे जाता-येता, डबा खाताना बोला. वर्षभराने मोजलं तर त्या शाळांत सिगारेट ओढणारी मुलं कमी होती. फरक अफाट नव्हता, पण होता.

मी त्याची आपली गावठी नक्कल केली. ओळखीच्या एका शाळेत नववीच्या वर्गात चिठ्ठ्या वाटल्या. प्रश्न एकच, "रात्री दहाला अडचणीत सापडलास तर कोणाला फोन करशील?" सगळ्यात जास्त चिठ्ठ्यांवर जे नाव आलं ते पाहून वर्गशिक्षिकेने कपाळावर हात मारला. गणितात दोनदा नापास, शाळा सुटल्यावर गॅरेजवर काम, तोंडात मावा. मी त्यालाच घेतलं. मावा सोड अशी अट घातली नाही, सोडायचा प्रयत्न कर एवढंच म्हटलं. त्याने चार महिने सोडला, पुन्हा धरला, पुन्हा सोडला. आणि हे सगळं तो गटात सांगायचा, म्हणूनच पोरं त्याचं ऐकायची.

गटात आम्ही उपदेश करत नाही. व्यसनाचे तोटे पोरांना आपल्यापेक्षा जास्त पाठ असतात. अडतं ते चारजणांसमोर नाही म्हणताना. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ स्टाइनबर्ग यांच्या गटाने २००५ मध्ये मुलांना गाडी चालवायचा एक व्हिडिओ गेम खेळायला दिला. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांनी घेतलेले धोके दुपटीहून जास्त झाले, मोठ्या माणसांना मात्र मित्रांमुळे काही फरक पडला नाही. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला पार्टीला गेलेलं पोरगं एकटं असतं तर शहाण्यासारखं घरी आलं असतं. "घाबरला का भावा?" या तीन शब्दांपुढे त्याचं काही चालत नाही.

मग आम्ही त्याचीच तालीम करतो. एक जण टपरीवाला, तिघं दोस्त, एक नाही म्हणणारा. मी सुरुवातीला शिकवलं, "ठामपणे सांगायचं, मला नको." पोरं हसली. दादा, असं बोललं तर दुसऱ्या दिवशी टोपणनाव पडतं. मग त्यांनीच वाटा काढल्या. "उद्या पहाटे ग्राउंड आहे" हे सगळ्यात चालणारं, कारण पोलीस भरतीची तयारी करणाऱ्याला कोणी भित्रा म्हणत नाही. "आज बाप लवकर घरी आलाय" हेही चालतं. एकाने तर मोठ्या भावाशी ठरवून ठेवलं होतं, मी नुसता मिसकॉल दिला की तू फोन करून चार शिव्या घाल आणि घरी बोलाव. इभ्रत शाबूत, पोरगं घरी. ही युक्ती मला पन्नास वर्षांत सुचली नसती.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. म्होरक्या झालेलं पोरही पोरच असतं. आमच्या गटातल्या एका मुलीने मैत्रिणीचं गुपित दोन आठवडे पोटात ठेवलं. ती मैत्रीण स्वतःला इजा करून घेत होती. हिची झोप उडाली, जेवण तुटलं. तेव्हापासून नियम आहे: जिवाला धोका, कोणी अंगाला हात लावणं आणि हत्यार, या तीन गोष्टी गुपित नसतात. त्याच रात्री मोठ्या माणसाला सांगायच्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे नंबर अभ्यासिकेच्या दारावरच लिहिलेत.

तेव्हा शाळेत गटामागे मोठं माणूस कोण आहे हेही बघा. बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी शाळांत 'सेहेर' नावाचा प्रयोग झाला. एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी चालवला, काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या साध्या प्रशिक्षित माणसाने. दुसऱ्या प्रकारच्या शाळांत दादागिरी कमी झाली, वातावरण सुधारलं. शिक्षकांच्या शाळांत फरक दिसला नाही. शिक्षकांना नावं ठेवत नाही. पण जो मार्क देतो त्याच्यापुढे पोरगं सिगारेटबद्दल कसं बोलणार?

शाळेचा गट धड वाटला नाही तर सरकारी वाटही आहे. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, त्यात 'साथिया' म्हणून मुलंमुलीच तयार करतात. सरकारी दवाखान्यांतली किशोरांची 'मैत्री' क्लिनिकं त्यातलीच. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला जाऊन चौकशी करा. गोळ्या किंवा एमडी (मेफेड्रोन) या ड्रगचा संशय असेल तर मात्र गटाची वाट बघू नका, सरळ डॉक्टर गाठा.

आणि तुमच्या मेहुण्यांचं "एकदा नाशिकरोडचं जेल दाखवून आणू" हे कृपा करून थांबवा. अमेरिकेत पोरांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दम द्यायचे कार्यक्रम झाले. अशी पोरं न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करताना आढळली.

शाळेत जायच्या आधी एक करा. भाच्याला चिठ्ठीवरचा तोच प्रश्न विचारा, आईसमोर नको, बाईकवर मागे बसवून कुठे नेताना. नाव सांगितलं तर त्या मुलाला रविवारी घरी मिसळ खायला बोलवा, भले तो टपरीवरचाच असो. "कोणालाच नाही" म्हणाला तर मला इथेच कळवा, शनिवारी त्याला घेऊन या.