वाचकांचे प्रश्न : आडवं केलेलं कुंपण आणि वसंतातलं गवत

प्रश्न : मार्चमध्ये मुलीकडे इंग्लंडमधल्या लेस्टरशायरला गेलो होतो. तिथे गुरांच्या शेताच्या बांधावरची झाडं बुंध्याशी जवळजवळ तोडून आडवी करत होते. ती मरत नाहीत का? – वाचक, सातारा

उत्तर : मरत नाहीत, कारण ती पुरती तोडलेली नसतात. हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, हेझल या तिथल्या कुंपणातल्या झाडांचं अडीच-तीन मीटर उंच खोड बुंध्याशी कोयत्याने वरून खाली तिरकं चिरतात. मागे साल आणि तिला चिकटलेल्या ओल्या लाकडाची पातळ पट्टी ठेवतात. तेवढ्या पट्टीवर आडवं खोड जगतं. चीर खोडाच्या जाडीच्या तिप्पट-चौपट लांब हवी. आखूड चीर दिली तर खोड वाकवताना मोडतं. पट्टी जाड राहिली तर ते वाकत नाही, उभं फाटत जातं. कडाक्याच्या थंडीत लाकूड ठिसूळ होतं, त्या दिवशी कामाला हात लावू नये.

खोडं चढाच्या दिशेने तिरकी निजवायची. नवशिके हमखास विसरतात ते यानंतरचं काम, म्हणजे जमिनीत उरलेल्या खुंटाची वरची जीभ उतरती आणि गुळगुळीत छाटणं. नवे धुमारे तिथूनच फुटायचे असतात. खुंट उंच ठेवला तर धुमारे वर फुटतात, खालचा भाग उघडा राहतो आणि जिभेत पाणी मुरून लाकूड कुजतं.

लेस्टरशायरच्या भागातली ‘मिडलँड बुलक’ पद्धत अंगाने रेटणाऱ्या बैलांसाठी आहे. फांद्यांचा झुपका गुरांच्या बाजूला येतो, म्हणजे कोवळे धुमारे त्यांच्या तोंडी लागत नाहीत. मागच्या बाजूने दर ४५ सेंटिमीटरला एक खुंटी ठोकतात आणि वरून हेझलच्या लांब छड्या दोरासारख्या पीळ देत विणतात. असं कुंपण पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा निजवावं लागतं. तारेचं कुंपण स्वस्त पडेल, पण कोकरांना लागणारा वारा काही ते अडवत नाही.

हे काम पानगळीनंतर, ऑक्टोबर ते मार्च या काळात करतात. इंग्लंडमध्ये २०२४ च्या नियमांनुसार १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेतावरच्या कुंपणाची छाटणी करता येत नाही. कुंपण निजवायला मात्र ३० एप्रिलपर्यंत मुभा आहे. पण घरटं दिसलं की काम थांबवायचंच.

प्रश्न : श्रॉपशायरमध्ये दुभत्या गाईंच्या शेतावर काम करतो. गोठ्यातून कुरणात सोडल्यावर दहा दिवसांत एक धडधाकट गाय थरथरली, झटके येऊन पडली आणि मेली. कुंपणाच्या छाटलेल्या फांद्या खाल्ल्या असतील का?

उत्तर : हॉथॉर्न-हेझलने असं होत नाही. फांद्यांत ‘यू’ (yew) हे विषारी सदाहरित झाड होतं का, तेवढं बघा. त्याची थोडी पानंही गुरं मारतात आणि वाळल्यावर विष जात नाही. पण तुमच्या वर्णनावरून पहिला संशय मॅग्नेशियमच्या कमतरतेवर जातो. वसंतातल्या झपाट्याने वाढणाऱ्या पाणीदार गवतात मॅग्नेशियम कमी आणि पोटॅश जास्त असतं. पोटॅशमुळे असलेलं मॅग्नेशियमही नीट शोषलं जात नाही. गाईच्या शरीरात त्याचा हाताशी येईल असा साठा नसतो आणि दुधावाटे ते रोज बाहेर जातं. मेलेल्या जनावराच्या डोळ्याच्या आतला द्रव तपासून खात्री करता येते, मात्र पशुवैद्याला लगेच बोलवायला हवं.

बाकीच्या गाईंना रोज माणशी म्हणतात तसं ‘गायशी’ ६० ग्रॅम भाजलेलं मॅग्नेसाइट (मॅग्नेशियम ऑक्साइड) द्या. चव कडवट असल्यामुळे ते खुराकातच मिसळा. सोबत थोडं वाळलं गवत ठेवा. चरायच्या कुरणाला वसंतात पोटॅश घालू नका. गाय पडली तर तिच्याभोवती गलका करू नका, आवाजानेही झटका येतो. पशुवैद्य येईपर्यंत, त्यांच्याच सांगण्यावरून, २५ टक्क्यांचं मॅग्नेशियम सल्फेट (४०० मिलि) कातडीखाली देता येतं. शिरेत कधीही नाही, हृदय बंद पडतं.

प्रश्न : शेळीपालनाच्या शेडभोवती गिरिपुष्प असं निजवलं तर? – वाचक, शिरूर

उत्तर : नको. तिकडे झाड थंडीत निद्रिस्त असताना चिरतात आणि पुढे ओल्या वसंतात ते फुटतं. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर उन्हाळाच चढत जातो, तेवढ्या पातळ पट्टीवर खोड तगणं अवघड. शिवाय गिरिपुष्प शेळ्याच खाऊन टाकतील. पावसाळ्याच्या तोंडावर करवंद किंवा सागरगोटा दोन ओळींत, फूटभर अंतराने, एकाआड एक लावा. सागरगोट्याचं कवच कठीण असतं, कानशीने घासून बी रात्रभर भिजत घाला. पहिली दोन वर्षं आतल्या बाजूने बाभळीच्या काट्यांची कुंपाटी ठेवा.